जॉब सांभाळून खेळणाऱ्यांसाठी: काळ्या मोहऱ्यांनी कमी तयारीचं ओपनिंग कसं निवडायचं

नोव्हेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफडेला बुद्धिबळाचा वर्ल्ड कप झाला, २०६ खेळाडू आले, उझबेकिस्तानचा १९ वर्षांचा सिंदारोव जिंकून गेला, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या रविवारच्या रॅपिड (कमी वेळाच्या) स्पर्धांत गर्दी वाढलीय असं मला तरी दिसतंय. शाळेतली पोरं आहेतच, पण पंधरा-वीस वर्षांपूर्वी खेळायचं सोडलेले लोकसुद्धा परत पट मांडून बसायला लागलेत. यातले बरेच जण मला एकच विचारतात, व्हाईटने काहीतरी जमतं पण ब्लॅक आला की पहिल्या दहा चालीतच श्वास कोंडतो, आणि अभ्यासाला आठवड्यातून दोन तास पण मिळत नाहीत, मग कोणतं ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, खेळायचं? हा लेख त्यांच्यासाठी आहे. (नुसतं घर लिहिलंय, जसं ई४, तिथे प्याद्याची चाल; × म्हणजे मारणं.)

आधी एक प्रसंग सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यातूनच आलंय.

मागच्या जुलैत डिचोलीला एका शाळेच्या हॉलमध्ये स्पर्धा होती, १५ मिनिटं अधिक प्रत्येक चालीला ५ सेकंद. पाऊस असा की पत्र्यावरच्या आवाजात आर्बिटरची अनाउन्समेंट ऐकू येत नव्हती. माझा भाचा तेव्हा अकरावीत होता, त्याने दोन महिने बसून नायडॉर्फ सिसिलियन, हे ई४ ला सी५ ने उत्तर देणारं ओपनिंग, केलं होतं, एका ऑनलाईन कोर्सचे पैसे भरून, उंट जी५ च्या लाईनमध्ये अठराव्या चालीपर्यंत तोंडपाठ. समोर अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेले साठीतले एक काका. त्यांनी ई४ खेळलं, याने सी५, आणि काकांनी शांतपणे सी३ सरकवलं. बस्स. पोरगा दुसऱ्या चालीला चार मिनिटं बसला. मी लांबून बघत होतो, तो पटाकडे बघतच नव्हता, छताकडे बघून काहीतरी आठवत होता. शेवटी पोझिशन ठीकच होती पण टाईमवर हरला. बाहेर आल्यावर म्हणाला, "मामा, सी३ कोर्सच्या शेवटच्या चॅप्टरला होतं, तिथवर मी पोचलोच नाही."

त्याचा अभ्यास कमी पडला नव्हता, दोन महिने म्हणजे भरपूर झाले. निवड चुकली होती. नायडॉर्फला जायचं की नाही हे ठरवतो व्हाईट. तो सी३ खेळेल, स्मिथ-मोरा गॅम्बिट (प्याद्याचा बळी) देईल, ग्रँड प्रिक्स खेळेल, उंट बी५ वर आणेल, क्लोज्ड सिसिलियन खेळेल, आणि या सगळ्याला वेगवेगळं उत्तर तुमच्याकडे असायला लागतं. तुम्ही एक ओपनिंग शिकलात असं वाटतं पण प्रत्यक्षात सहा शिकायची असतात.

निवडताना दोनच प्रश्न

ओपनिंग कमी तयारीचं आहे की नाही हे लोक चालींच्या संख्येवरून ठरवतात, ते मला चुकीचं वाटतं. मी दोन गोष्टी बघतो. पहिली, व्हाईटसमोर दारं किती? म्हणजे माझ्या पहिल्या-दुसऱ्या चालीनंतर त्याच्याकडे चांगले आणि वेगवेगळे रस्ते किती उरतात. आणि दुसरी, जी कोणी विचारतच नाही: मी विसरलो तर काय होतं? काही ओपनिंगमध्ये विसरलात तर थोडी अवघडलेली पोझिशन मिळते आणि खेळ चालू राहतो, काहींमध्ये विसरलात की वीस चालीत मेट.

या दुसऱ्या प्रश्नामुळे 'कशालाही तेच खेळा' वाली ओपनिंग्ज माझ्या यादीतून गळली. जी६, उंट जी७, डी६, घोडा एफ६, कॅसलिंग, समोरचा काही खेळू दे, अशी शिफारस तुम्ही ऐकली असेल. पाच चाली पाठ करायला पाच मिनिटं लागतात हे खरं, पण व्हाईटने सगळं सेंटर घेतलं, ई४ समोर या मांडणीला पिर्क म्हणतात, त्यात एफ४ खेळून प्यादी पुढे ढकलायला सुरुवात केली की सहाव्या-सातव्या चालीपासून अचूक खेळावं लागतं, नाहीतर राजावर वरवंटा फिरतो. किंग्ज इंडियन, म्हणजे डी४ समोर हीच मांडणी, सुंदर आहे, मला बघायला प्रचंड आवडतं, पण ते कमी तयारीचं नाही.

कॅरो-कानचं काय? ई४ ला सी६, मग डी५. होराशियो कॅरो आणि मार्कस कान यांनी १८८६ च्या सुमारास याचं विश्लेषण छापलं, तेव्हापासून भक्कम म्हणून नाव आहे आणि ते खरंच आहे. तुमच्याकडे महिन्याभराचा वेळ असेल तर जरूर करा. पण दारं मोजा: ॲडव्हान्स, एक्स्चेंज, पानोव, फँटसी म्हणजे एफ३, टू नाइट्स, आणि मग मेन लाईन. आणि विसरण्याची किंमत इथेही कधीकधी जबर असते. १. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. घोडा सी३ डी×ई४ ४. घोडा×ई४ घोडा डी७ ५. वजीर ई२, आता सवयीने राजाकडचा घोडा एफ६ वर आणलात की ६. घोडा डी६ आणि मेट, कारण ई७ चं प्यादं वजिराने पिन केलेलं असतं (हललं तर राजाला चेक), ते घोड्याला मारू शकत नाही. सहा चालीत डाव संपला. घरी पट मांडून एकदा बघाच.

हे सगळं चाळून झाल्यावर माझा निष्कर्ष असा: ई४ ला स्कँडिनेवियन, आणि बाकी सगळ्याला क्वीन्स गॅम्बिट डिक्लाईन्डचा साचा. आता दोन्ही नीट सांगतो.

ई४ ला: स्कँडिनेवियन

१. ई४ डी५. पहिल्याच चालीला तुम्ही व्हाईटला प्रश्न विचारता आणि त्याच्याकडे एकच धड उत्तर आहे, मारणं. म्हणजे इटालियन, स्पॅनिश, स्कॉच, किंग्ज गॅम्बिट, त्याची सगळी तयारी तिथेच बाजूला. काळ्याने एवढ्या लवकर खेळ आपल्या घरात आणावा असं दुसरं ओपनिंग मला माहीत नाही. आणि हे काही आजचं फॅड नाही, स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला १४७५ च्या सुमारास नोंदलेला, आजच्या नियमांचा सगळ्यात जुना मानला जाणारा डाव याच दोन चालींनी सुरू होतो. आपल्या आनंदने १९९५ ला न्यूयॉर्कमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या १४ व्या गेममध्ये कास्पारोवसमोर हेच काढलं होतं. गेम हरला, पण ओपनिंगमधून चांगली पोझिशन घेऊन बाहेर आला होता. आणि कार्लसनने २०१४ च्या ट्रॉम्सो ऑलिम्पियाडमध्ये कारुआनाला यानेच हरवलं.

२. ई×डी५ वजीर×डी५ ३. घोडा सी३ वजीर ए५. वजीर इतक्या लवकर बाहेर काढू नये असं लहानपणी शिकवतात, बरोबरच शिकवतात, आणि इथे एक टेम्पो, म्हणजे एक चाल, जातोच. पण ए५ वर त्याला चटकन कोणी हाकलू शकत नाही. चुकूनही ई५ वर जाऊन चेक देऊ नका, नवीन माणसाला तो मोह होतोच, नंतर घोडा एफ३ आणि डी४ खेळून व्हाईट फुकटात पुढे जातो.

आता पुढचा साचा, आणि यात क्रम महत्त्वाचा आहे. ४. डी४ घोडा एफ६ ५. घोडा एफ३ सी६ ६. उंट सी४ उंट एफ५ ७. उंट डी२ ई६. मग बी८ चा घोडा डी७ वर, एफ८ चा उंट बी४, डी६ किंवा ई७ वर जिथे बरा वाटेल तिथे, आणि कॅसलिंग.

प्रत्येक चालीचं कारण कळलं तर पाठ करावं लागत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. सी६ दोन कामं करतं. एक तर व्हाईटच्या घोड्याला डी५ आणि बी५ वर बसू देत नाही, आणि दुसरं म्हणजे वजिराला ए५ वरून सी७ किंवा डी८ पर्यंत परतीची वाट मोकळी होते. हा परतीचा रस्ता म्हणजे या ओपनिंगचा प्राण आहे. व्हाईटची सगळी बदमाशी एकाच गोष्टीवर उभी असते: उंट डी२ वर येतो, मधे सी३ चा घोडा असतो, घोडा उडाला की उंट थेट तुमच्या वजिरावर. घोडा डी५ वर उडी मारून वरून आणखी धमकी देतो. तेव्हा उंट डी२ दिसला की दर चालीला स्वतःला विचारायचं, आत्ता घोडा हलला तर काय? वरच्या लाईनमध्ये ८. घोडा डी५ आलं की शांतपणे वजीर डी८, आणि काही झालेलं नाही.

उंट एफ५ आधी, ई६ नंतर. ही अदलाबदल केलीत तर उंट सी८ वर कोंडला जातो आणि मग सगळा डाव त्याला बाहेर काढण्यात जातो. भाच्याला मी सांगितलं, आधी गाडी बाहेर काढ मग गेट लाव. तेवढं त्याला पुरलं.

कोणी जी४ खेळून उंटाच्या मागे लागला तर उंट जी६, आणि त्याने घोडा ई५ वर बसवला की तुमचा घोडा डी७ वर आणून त्याला बदलीला बोलवायचं. असा अंगावर येणारा खेळाडू दिसला की घाबरायला होतं, पण त्याने राजासमोरची प्यादी उधळलेली असतात हे विसरू नका.

उरलेली दारं पटकन. ४. बी४ गॅम्बिट: मारा, वजीर×बी४, हत्ती बी१ आला की वजीर डी६, एक प्यादं वर. २. ई५ पुढे ढकललं: उंट एफ५, ई६, सी५. २. डी४ म्हणजे ब्लॅकमार-डायमर, रॅपिडमध्ये हे बऱ्यापैकी दिसतं: डी×ई४ ३. घोडा सी३ घोडा एफ६ ४. एफ३ ई×एफ३ ५. घोडा×एफ३ सी६, बघा परत तोच सी६, मग उंट एफ५ आणि ई६. ३. घोडा एफ३ असेल तर उंट जी४ आणि सरळ विकास. झालं, याहून जास्त पहिल्या सहा महिन्यांत लागत नाही.

मिडलगेममध्ये तुमचा बेत सी५ चा. सगळी मोहरी बाहेर आली, राजा सुरक्षित झाला की सी५ ढकलून डी४ ला टोचायचं. ते न करता नुसतं बसून राहिलात तर व्हाईटकडे जागा जास्त असल्याने हळूहळू दाब वाढतो. इंजिन, म्हणजे बुद्धिबळाचा प्रोग्राम, या ओपनिंगमध्ये व्हाईटला थोडा प्लस दाखवतं, दाखवू दे. आपल्या लेव्हलला गेम त्या प्लसने ठरत नाही, बाराव्या चालीला घड्याळात किती वेळ उरलाय याने ठरतो.

डी४, सी४, घोडा एफ३, लंडन: सगळ्याला एकच साचा

डी५, घोडा एफ६, ई६, उंट ई७, कॅसलिंग, घोडा डी७, गरज पडली तर सी६. १९२७ ला ब्यूनोस आयर्सला कॅपाब्लांका आणि अलेखिन वर्ल्ड चॅम्पियनशिपचे ३४ गेम खेळले, त्यातले ३२ क्वीन्स गॅम्बिट डिक्लाईन्ड होते. म्हणजे त्या काळच्या सगळ्यात तगड्या दोघांनी ब्लॅक आल्यावर परत परत याच्यावरच विसंबून राहायचं ठरवलं. याचं कारण सोपं आहे, इथे विसरलात तरी राजाला काही होत नाही.

प्यादी बघा, सी६ आणि ई६, स्कँडिनेवियनसारखीच. म्हणून दोन्ही एकत्र शिकायला सोपं जातं. पण एक फरक प्रामाणिकपणे सांगायला हवा, इथे सी८ चा उंट आतच राहतो. त्यावर उपाय दोन. एक, बी६ खेळून उंट बी७. दुसरा, व्हाईटचा एफ१ चा उंट एकदा हलेपर्यंत थांबायचं, तो डी३ वर आला की डी×सी४, म्हणजे त्याला त्याच उंटाने परत मारावं लागतं आणि त्याची एक चाल वाया जाते. मग व्हाईटचा उंट जी५ वर असेल तर घोडा डी५, उंटांची अदलाबदल, आणि ई५ ढकलून मोकळं व्हायचं. कॅपाब्लांकाची ही सुटका शंभर वर्षं चालतेय.

आणि एक सापळा जो तुम्हाला आयता मिळतो. १. डी४ डी५ २. सी४ ई६ ३. घोडा सी३ घोडा एफ६ ४. उंट जी५ घोडा बीडी७ (बी८ चा घोडा डी७ वर). समोरच्याला वाटतं एफ६ चा घोडा पिन आहे, डी५ चं प्यादं फुकट. ५. सी×डी५ ई×डी५ ६. घोडा×डी५, आता घोडा×डी५! वजीर सोडून द्यायचा. ७. उंट×डी८ उंट बी४ चेक, व्हाईटला वजीर डी२ शिवाय पर्याय नाही, ८. वजीर डी२ उंट×डी२ चेक ९. राजा×डी२ राजा×डी८, आणि एका प्याद्याच्या बदल्यात अख्खा घोडा तुमच्या खिशात. फोंड्याला एका स्पर्धेत भाच्याने हे लावलं तेव्हा समोरच्या मुलाने वजीर उचलताना जोरात घड्याळ दाबलं, दोन चालींनंतर बिचारा पटाकडे बघतच राहिला.

लंडन सिस्टिम म्हणजे डी४ आणि उंट एफ४ आजकाल शाळेतली निम्मी पोरं खेळतात असं वाटतं. त्याला साच्यात दोन बदल: सी६ ऐवजी सी५, आणि उंट ई७ ऐवजी डी६ वर, त्याच्या एफ४ च्या उंटासमोर उभा करून बदली मागायची. घोडा सी६ वर आणण्याआधी सी५ झालं पाहिजे, नाहीतर तुमचाच घोडा तुमच्या प्याद्याच्या वाटेत बसतो. सी४ किंवा घोडा एफ३ ने सुरू केलं तरी ई६, डी५, घोडा एफ६, उंट ई७, कॅसलिंग, मनात गोंधळ नको.

आता शिकायचं कसं, खरंच करून बघण्यासारखं

पहिल्यांदा स्वतःचे ब्लॅकचे शेवटचे वीस गेम काढा, स्कोअरशीट नसतील तर ऑनलाईनचे चालतील. प्रत्येकासमोर दोनच गोष्टी लिहा, व्हाईटची पहिली चाल काय होती आणि कितव्या चालीला तुम्हाला 'आता काय' असं झालं. मी हे केलं तेव्हा कळलं की मी ज्याची तयारी करत होतो ते वर्षात दोनदाच समोर आलं होतं. लिचेस या वेबसाईटवर ॲनालिसिस बोर्डात ओपनिंग एक्सप्लोरर आहे, फुकट आहे, त्यात रेटिंगचा फिल्टर लावून तुमच्या लेव्हलचे लोक प्रत्यक्षात काय खेळतात ते बघा. ग्रँडमास्टर काय खेळतात ते सध्या राहू दे.

मग खरा पट काढा. मोबाईलवर नाही. रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास, वरच्या दोन्ही लाईन हाताने मांडा, आणि वहीच्या एका पानावर, एकाच, चाली लिहून प्रत्येकीसमोर चार शब्दांत कारण लिहा. 'सी६: वजिराची वाट.' 'उंट आधी, ई६ नंतर.' कारण लिहिता येत नसेल तर ती चाल तुम्हाला कळलेली नाही, तिथे थांबा. व्हिडिओ बघून समजल्यासारखं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी सगळं पुसलं जातं, हा माझा अनुभव आहे, आणि मी ज्यांना ज्यांना शिकवलं त्यांचाही.

त्यानंतर पंधरा-वीस ऑनलाईन गेम, १० मिनिटांचे किंवा त्याहून मोठे. बुलेट (एक-दोन मिनिटांचे गेम) नको, त्यात ओपनिंग शिकत नाही, फक्त सवय बिघडते. प्रत्येक गेमनंतर फक्त पहिल्या बारा चाली तपासायच्या, आणि काही नवीन सापडलं तर वहीत एकच ओळ वाढवायची. इंजिनने सुचवलेल्या पाच लाईन उतरवून काढायच्या नाहीत, दोन आठवड्यांत वही कोर्सएवढी होते आणि आपण परत जिथे होतो तिथेच.

आणि मग सहा महिने बदलायचं नाही. हे सगळ्यात अवघड जातं. दोन गेम हरले की माणूस ओपनिंगला दोष देतो आणि नवीन काहीतरी शोधायला लागतो, तेव्हा गेम परत लावून बघा, दहापैकी आठ वेळा तिसाव्या चालीला काहीतरी फुकट दिलेलं असतं.

लहान मुलांच्या पालकांना एक वेगळी विनंती. दहा-बारा वर्षांच्या आतल्या मुलाला हे देऊ नका. त्याला ई४ ला ई५ खेळू द्या, इटालियनमध्ये एफ७ वर घोडा येऊन आपटू दे, दोनचार वेळा रडू दे, उघड्या पोझिशनमध्ये टॅक्टिक्स शिकतात तसं दुसरीकडे शिकता येत नाही. हा सगळा खटाटोप ज्यांना कदंबा बस पकडून ऑफिसला जायचंय आणि तरी रविवारी पटावर मनापासून खेळायचंय त्यांच्यासाठी आहे, किंवा बारावीच्या वर्षात असलेल्या माझ्या भाच्यासारख्यांसाठी.

त्याची वही परवा बघितली. डिचोलीच्या त्या स्पर्धेनंतर सुरू केलेलं पान अजून भरलेलं नाही, पेन्सिलीने अकरा ओळी आहेत. अकरावी ओळ मडगावच्या गेमनंतरची: 'लंडन. घोडा सी६ आधी आणला, सी५ राहिलं. ६ वी चाल.'